तगून राहिलेली मुले : होलोकॉस्ट, किशोरवय आणि गुणांचा प्रश्न

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नाझी जर्मनीने आणि तिच्या साथीदारांनी युरोपातील सुमारे ६० लाख ज्यूंची पद्धतशीर हत्या केली. 'होलोकॉस्ट' या नावाने इतिहासात ओळखल्या जाणाऱ्या या संहारात बळी पडलेल्यांमध्ये जवळपास १५ लाख मुले होती. प्रौढ ज्यूंपैकी काहींना त्यांच्या श्रमाची गरज असेपर्यंत तरी जिवंत ठेवले जाई; मुलांना बहुतेक ठिकाणी तेवढीही मुदत मिळाली नाही, कारण नाझींच्या हिशेबात ज्यू मूल म्हणजे एकीकडे काम न करता खाणारे तोंड होते आणि दुसरीकडे ज्या समाजाचा निर्वंश करायचा त्या समाजाचे भविष्य होते. त्यामुळे मुलांच्या वाचण्याचे प्रमाण प्रौढांपेक्षा कितीतरी कमी राहिले, आणि नाझींच्या ताब्यात गेलेल्या युरोपातील ज्यू मुलांपैकी दहात एखादेच १९४५ चा उन्हाळा पाहू शकले, असे सर्वसाधारणपणे मानले जाते.

या दहातल्या एकाविषयी पुढील काळात पुष्कळ लिहिले गेले आणि त्या लेखनातून एक प्रश्न पुन्हा पुन्हा पुढे आला : वाचलेल्या मुलामुलींच्या अंगी असे कोणते गुण होते, की ज्यांच्या बळावर ती तगली? प्रश्न साहजिक आहे आणि तो टाळण्याचे कारण नाही. आठवणी लिहिणाऱ्यांनी स्वतःच प्रसंगावधान, सहनशक्ती, चटकन शिकण्याची तयारी, मैत्री निभावण्याची वृत्ती, गप्प राहण्याची शिस्त अशा गोष्टींचा उल्लेख केला आहे. परंतु या प्रश्नाच्या पोटात एक दुसरे विधान दडलेले असते आणि त्याची जाणीव अभ्यासकाने पहिल्या पानापासून ठेवली पाहिजे. वाचलेले गुणांमुळे वाचले, असे एकदा म्हटले की मेलेल्यांमध्ये ते गुण नव्हते, असे न बोलता म्हटल्यासारखे होते. आणि हे विधान पुराव्याच्या कसोटीवर टिकत नाही. म्हणून येथे प्रश्न थोडा वेगळ्या रीतीने मांडलेला आहे. कोणता गुण, कोणत्या ठिकाणी, कोणत्या क्षणी आणि कोणाच्या साहाय्याने उपयोगी पडला, एवढेच विचारता येते. आणि तसे विचारले म्हणजे मिळणारी उत्तरे गुणांच्या सरळ यादीपेक्षा बरीच गुंतागुंतीची, पण अधिक खरी असतात.

सर्वांत आधी वयाचा विचार करावा लागतो. वय हा गुण नव्हे, तरीही इतर सर्व गुणांना वाव मिळायचा की नाही हे वयावर ठरत असे. पोलंडच्या व्याप्त भागातील ऑश्विट्झ-बिर्केनाउ या छावणीत ज्यूंना घेऊन येणाऱ्या गाड्यांमधील माणसांची फलाटावरच 'निवड' होई. निवड म्हणजे नाझी पक्षाच्या सशस्त्र दलातील, अर्थात एसएसमधील डॉक्टराने किंवा अधिकाऱ्याने क्षणभर पाहून माणसाला एका बाजूला कामासाठी किंवा दुसऱ्या बाजूला विषारी वायूच्या कोठडीकडे पाठवणे. साधारण चौदा वर्षांखालील मुले, त्यांना हाताशी धरलेल्या आया आणि वृद्ध माणसे जवळजवळ नेहमीच दुसऱ्या बाजूला जात. १९४४ च्या मे ते जुलै या काळात हंगेरीतून सुमारे ४ लाख ३७ हजार ज्यूंना पाठवण्यात आले, त्यांतील बहुतेकांना याच फलाटावरून आणि बहुतेकांना त्याच दिवशी मरणाकडे नेण्यात आले. आठ वर्षांच्या मुलाची हुशारी, धैर्य किंवा चिकाटी या ठिकाणी कोणी तपासलीच नाही. ती कितीही असती तरी तिचा उपयोग झाला नसता.

ज्यांचे वय या सीमारेषेच्या आसपास होते त्यांच्या बाबतीत मात्र एक फट उरत असे. पुढे शांततेचे नोबेल पारितोषिक मिळवणारे एली वीझेल त्या मे महिन्यात पंधरा वर्षांचे होते. फलाटावर एका अनोळखी कैद्याने त्यांना अठरा वर्षे सांगायला बजावले आणि त्यांनी तसे सांगितले. बुडापेस्टचे इम्रे कर्तेस, ज्यांना २००२ मध्ये साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले, चौदाव्या वर्षी ऑश्विट्झला पोहोचले, आणि त्यांच्या १९७५ मधील कादंबरीतील मुलगाही असेच वय वाढवून सांगतो. अशा साक्षी इतक्या आहेत की त्यांना योगायोग म्हणता येत नाही. जुने कैदी नव्याने आलेल्या मुलांच्या कानात एखादा आकडा कुजबुजत असत, ही छावणीतील एक अलिखित रीतच होती.

या रीतीचे सर्वांत बारकाईने केलेले वर्णन व्हिएन्नात जन्मलेल्या रूथ क्ल्यूगर यांच्या १९९२ मधील आत्मचरित्रात सापडते. १९४४ च्या उन्हाळ्यात बिर्केनाउमधून काही स्त्रियांना श्रमछावणीत पाठवायचे ठरले. वयाची अट पंधरा ते पंचेचाळीस होती आणि क्ल्यूगर तेव्हा बारा वर्षांच्या होत्या. पहिल्या वेळी त्यांनी एसएसच्या माणसाला खरे वय सांगितले आणि त्यांना नाकारण्यात आले. आईच्या आग्रहामुळे त्या दुसऱ्या रांगेत पुन्हा उभ्या राहिल्या. तेथे नोंद करणारी कारकून स्वतः एक तरुण कैदी होती. ती जागेवरून उठून या मुलीजवळ आली, हलक्या आवाजात वय विचारले आणि पंधरा सांग म्हणाली. अधिकाऱ्याने मुलगी लहानखुरी असल्याची शंका काढली, तेव्हा याच कारकून स्त्रीने तिच्या पायांकडे बोट दाखवून ती काम करू शकेल असे सांगितले. अधिकाऱ्याने मान्य केले. त्या स्त्रीला या मुलीपासून काही मिळायचे नव्हते, ओळखही नव्हती, आणि पकडली गेली असती तर तिच्या जिवावर बेतले असते. क्ल्यूगर यांनी आयुष्यभर या घटनेचा विचार केला आणि आपल्या वाचण्याचे श्रेय स्वतःच्या हुशारीला देण्याचे टाळले. त्यांच्या दृष्टीने ती एका माणसाने पूर्ण स्वेच्छेने केलेली, कोणत्याही कारणाने बांधलेली नसलेली कृपा होती.

या प्रसंगात मुलीचा गुण कोणता, हे विचारण्यासारखे आहे. तिने एका अनोळखी व्यक्तीवर क्षणार्धात विश्वास ठेवला, हा एक. नाकारली गेल्यानंतर पुन्हा उभे राहण्याइतके बळ तिने आणले, हा दुसरा, आणि तोही तिच्या आईच्या आग्रहातून आलेला. मोठ्या माणसांशी नेहमी खरे बोलावे ही घरातली शिकवण तिने बाजूला ठेवली, हा तिसरा. यांपैकी एकही गुण एकट्याने कामी आला नसता. गुण मुलात होता हे खरे, पण तो कामी येण्यासाठी समोर दुसरे माणूस असावे लागले, आणि त्या माणसाने जोखीम घ्यावी लागली. या विषयावरील साक्षी जितक्या वाचाव्यात तितके हे अधिक स्पष्ट होत जाते, आणि हेच या प्रस्तावनेचे मुख्य प्रतिपादन आहे.

काम करण्याची तयारी हा दुसरा गुण अनेक आठवणींत येतो. घेटो, म्हणजे शहराचा भिंतीने किंवा कुंपणाने तोडलेला आणि ज्यूंना सक्तीने कोंडलेला भाग, तेथे आणि श्रमछावण्यांत काम हीच जगण्याची परवानगी होती. लोड्झच्या घेटोत मुले शिवणकाम आणि इतर कारखान्यांत राबत असत. परंतु सप्टेंबर १९४२ मध्ये दहा वर्षांखालील मुलांना आणि पासष्ट वर्षांवरील वृद्धांना सुपूर्द करण्याचा हुकूम निघाला आणि त्यांना खेल्मनो येथे नेऊन मारण्यात आले, तेव्हा कामसूपणाची सीमा कुठे संपते तेही दिसून आले. पुढे आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे न्यायाधीश झालेले टॉमस बर्गेन्थाल केल्त्से येथील श्रमछावणीत जेमतेम नऊ वर्षांचे होते. मुलांना वेगळे काढले जात असताना ते जर्मन अधिकाऱ्यासमोर गेले आणि आपण काम करू शकतो असे त्याला सांगितले. त्यांना सोडून देण्यात आले आणि बाजूला काढलेली इतर मुले मारली गेली. या धिटाईचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. तथापि ते वाक्य त्यांनी अस्खलित जर्मनमध्ये उच्चारले होते, कारण त्यांची आई ग्योटिंगेनची होती आणि घरात जर्मन बोलली जाई. पोलिश किंवा ज्यूंची यिडिश भाषा एवढेच येणाऱ्या, तितक्याच धीट मुलाचे शब्द त्या अधिकाऱ्याला कळले तरी असते का, हा प्रश्न उरतोच. बर्गेन्थाल यांनी आपल्या आत्मकथनाला नाव देताना स्वतःला नशीबवान मूल म्हटले आहे, आणि ते औपचारिक विनयापोटी म्हटलेले नाही. ऑगस्ट १९४४ मध्ये ऑश्विट्झला पोहोचलेल्या त्यांच्या गाडीतील माणसांची फलाटावर निवडच झाली नाही. झाली असती तर दहा वर्षांच्या मुलाला कोणताही गुण वाचवू शकला नसता.

नजर चुकवण्याची चपळाई हा आणखी एक गुण, आणि त्याचे उदाहरण वॉर्साचे आहे. तेथील घेटो नोव्हेंबर १९४० मध्ये बंद करण्यात आला. १९४१ मध्ये तेथील ज्यूंना मिळणारा अधिकृत शिधा दिवसाला दोनशे किलोकॅलरींहूनही कमी पडत होता, म्हणजे नियम पाळणाऱ्याने उपासमारीने मरावे अशीच ती व्यवस्था होती. या परिस्थितीत लहान शरीर हेच सामर्थ्य ठरले. भिंतीतील भोकांतून, गटारांतून, फाटकावरील पहारेकऱ्याची नजर चुकवून मुले पलीकडे जात आणि कपड्यांत बटाटे, पाव, पीठ दडवून परत येत. कितीतरी घरांचा कर्ता आठ-दहा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी होती. या मुलांना अंतर, वेळ आणि चेहरे यांचे जे भान होते ते वडीलधाऱ्यांना नव्हते, कारण वडीलधाऱ्यांच्या मनात कायदा मोडण्याचा संकोच अजून शिल्लक होता. बरीच मुले गोळी लागून मेली. जी वाचली, त्यांतील काहींचा एक गट घेटोबाहेर, तथाकथित 'आर्यन' भागात, तीन क्रूसांच्या चौकात सिगारेटी विकत राहिला. हा चौक जर्मनांच्या वस्तीत होता. गिऱ्हाइके जर्मन सैनिकच होते. एकमेकांना टोपणनावांनी हाक मारणारी, मिळेल तिथे रात्र काढणारी ही मुले १९४३ मध्ये ज्यू भूमिगत चळवळीतील युझेफ झेम्यान यांच्या दृष्टीस पडली आणि त्यांनी पुढे त्यांच्यावर पुस्तक लिहिले. ती एकेकटी धूर्त होती म्हणून तगली असे म्हणणे अपुरे आहे. कोण पकडले गेले, कोणावर पाळत आहे, कोणाकडे रात्रीचा आसरा आहे, ही माहिती त्यांच्यात अखंड फिरत असे, आणि या देवाणघेवाणीनेच बहुतेकांना वाचवले.

लपून किंवा ओळख बदलून राहिलेल्या मुलांना याहून वेगळ्या गुणांची गरज पडली, आणि येथे विषय अधिक तपशिलाने पाहावा लागतो. लपण्याचे दोन प्रकार होते. एकात मूल माळ्यावर, तळघरात, भिंतीआडच्या पोकळीत शरीराने दडून राही. त्यासाठी हालचाल, खोकला, रडे आणि भूक आवरण्याची शक्ती लागे. दुसऱ्या प्रकारात मूल सर्वांसमोर, पण खोट्या नावाने आणि खोट्या धर्माने वावरत असे. या दुसऱ्या प्रकारात नवे नाव, नव्या आईवडिलांची नावे, बाप्तिस्म्याची हकीकत, प्रार्थना, क्रूसाची खूण करण्याची पद्धत, चर्चमध्ये केव्हा गुडघे टेकायचे, हे सारे इतके अंगवळणी पडावे लागे की झोपेतून उठवून विचारले तरी चूक होऊ नये. पुढे समाजशास्त्रज्ञ म्हणून नावाजलेल्या नेखामा टेक या लुब्लिनच्या मुलीने हे सर्व केले. त्यांचे रूप आणि त्यांची पोलिश भाषा संशय येऊ देणारी नव्हती, उलट आईवडिलांच्या पोलिशमध्ये त्यांचे ज्यूपण उघडे पडत होते; म्हणून एकाच घरात आईवडील लपून राहिले आणि मुलगी उघडपणे बाहेर पडून, आईने भाजलेले छोटे पाव बाजारात विकत राहिली. बाजारात ज्यूंविषयी वाटेल ते बोलले जाई आणि तिने चेहरा निर्विकार ठेवायचा असे. त्यांच्या आत्मकथनाच्या नावात कोरड्या आसवांचा उल्लेख आहे तो याच सक्तीविषयी.

टेक यांच्या उदाहरणातून एक अस्वस्थ करणारी गोष्ट समोर येते. अभिनयकौशल्य, स्मरणशक्ती आणि मनावरील ताबा हे त्यांचे स्वतःचे गुण होते, पण ज्या पायावर ते उभे होते तो पाया घराण्याकडून आलेला होता. शहरी, सुस्थितीतील, पोलिश शाळांत मुले घालणाऱ्या कुटुंबांतील मुले अस्खलित पोलिश बोलत. खेड्यातल्या किंवा परंपरानिष्ठ घरांतल्या मुलांची मातृभाषा यिडिश होती आणि पहिल्या वाक्यालाच ती ओळखली जात. मुलींना मुलांपेक्षा ओळख बदलणे सोपे होते, कारण ज्यू मुलग्यांची सुंता झालेली असे आणि ख्रिस्ती पोलंडमध्ये ती खूण लपवता येत नसे. केसांचा आणि डोळ्यांचा रंग, नाकाची ठेवण, आवाजाची ढब, या गोष्टींवर आयुष्य तोलले जात होते. ज्यांच्याजवळ यांतले काही नव्हते त्यांनी आपले गुण कुठे दाखवावेत याला जागाच नव्हती.

जुळवून घेण्याच्या शक्तीची दोन उदाहरणे येथे पाहता येतात. चेर्नोविट्झ परिसरातील आहारोन आपेलफेल्ड यांच्या आईची १९४१ मध्ये हत्या झाली. वडिलांबरोबर त्यांना ट्रान्सनिस्ट्रिया या रुमानियाच्या ताब्यातील भागात हाकलण्यात आले. तेथे ताटातूट होऊन ते एकटेच पळाले आणि दहाएक वर्षांच्या वयात जंगलांत व युक्रेनियन शेतकऱ्यांच्या घरी राहून तगले. घरातील मोलकरणीकडून शिकलेली तेथील बोली, सोनेरी केस आणि कमीत कमी बोलण्याची सवय हे त्यांचे भांडवल होते. बोलले तर उच्चारांतून किंवा एखाद्या अनवधानाच्या शब्दातून आपण कोण ते कळेल, म्हणून त्यांनी मौनाची सवय लावून घेतली. १९४६ मध्ये ते पॅलेस्टाइनला पोहोचले तेव्हा त्यांच्यापाशी अनेक भाषांचे तुकडे होते आणि धड एकही भाषा नव्हती. पुढे ते हिब्रूतील मोठे कादंबरीकार झाले, परंतु त्यांच्या गद्यातील मितभाषीपणाचे मूळ या जंगलातील वर्षांत आहे असे त्यांनी स्वतःच सुचवले आहे. इतिहासकार साउल फ्रीडलेंडर यांची कथा दुसऱ्या टोकाची आहे. प्रागमध्ये जन्मलेल्या या मुलाला फ्रान्समधील कॅथलिक वसतिगृहात ठेवण्यात आले, बाप्तिस्मा देऊन नवे नाव देण्यात आले, आणि तो त्या नव्या ओळखीत इतका मनापासून मिसळला की पुढे धर्मगुरू होण्याचा विचार करू लागला. आईवडील ऑश्विट्झला पाठवले गेले होते, त्याचा अर्थ त्याला युद्धानंतर एका जेझुइट धर्मगुरूनेच समजावून सांगितला. जुळवून घेण्याची जी शक्ती मुलाला वाचवते तीच त्याला स्वतःपासून दूर नेऊ शकते, हे या दोन्ही आयुष्यांत स्पष्ट दिसते. असा गुण फुकट मिळत नाही.

आंतरिक बळाचा प्रश्न सर्वांत अधिक चर्चिला गेला आहे. व्हिएन्नाचे मनोविकारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रँकल यांनी १९४६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात, ज्याला आपल्या दुःखाचा अर्थ लावता येतो आणि ज्याच्यापुढे जगण्याचे काही कारण असते तो अधिक काळ टिकतो, असा विचार मांडला आणि तो जगभर, महाराष्ट्रातही, मोठ्या आदराने वाचला गेला. इटालियन लेखक प्रिमो लेव्ही, जे स्वतः ऑश्विट्झमधून परतले होते, यांनी १९८६ च्या आपल्या अखेरच्या निबंधसंग्रहात याच्या जवळजवळ उलट साक्ष दिली : वाचलेले सर्वोत्तम नव्हते, पुष्कळदा सर्वोत्तम माणसेच आधी गेली. मुलांच्या बाबतीत या दोहोंपैकी लेव्ही यांचे म्हणणे वस्तुस्थितीच्या अधिक जवळ आहे असे येथे मानले आहे, मात्र फ्रँकल यांनी पाहिलेली गोष्ट खोटी नव्हती. क्ल्यूगर तासन्‌तास चालणाऱ्या हजेरीच्या रांगेत उभ्या असताना पाठ असलेल्या जर्मन कविता मनातल्या मनात म्हणत. कवितेच्या ओळींना ठराविक मात्रा असतात, म्हणून वेळाचे तुकडे पाडता येतात आणि तो सोसता येतो, असे त्यांनी याचे साधे कारण दिले आहे. बिर्केनाउमधील तथाकथित 'कुटुंब छावणी'त, जेथे टेरेझीन घेटोतून आणलेल्या ज्यूंना काही महिने एकत्र ठेवले होते, फ्रेडी हिर्श या तरुण क्रीडाशिक्षकाने मुलांसाठी वेगळी बराक मिळवली. तेथे भर हिवाळ्यात बर्फासारख्या पाण्याने अंग धुण्याचा, व्यायामाचा, कपडे व हात स्वच्छ ठेवण्याचा त्याचा आग्रह असे. हा आग्रह कठोर वाटतो, पण त्यातून मुलांना दिवसाचा क्रम मिळाला, अंगावरच्या उवा आटोक्यात राहिल्या आणि कोणीतरी आपल्याकडे माणूस म्हणून पाहते आहे ही जाणीव टिकली.

८ मार्च १९४४ च्या रात्री या छावणीत सप्टेंबरमध्ये आलेल्यांपैकी सुमारे ३,८०० जणांना वायूच्या कोठड्यांत मारण्यात आले. हिर्श त्याच दिवशी मरण पावला. धुतलेले हात, पाठ केलेली गाणी, शिस्त आणि उमेद यांतले काहीही त्या मुलांच्या कामी आले नाही. प्रागचा पेत्र गिंझ या मुलाचे नावही येथे घ्यावे लागते. टेरेझीनमध्ये असताना, चौदा-पंधरा वर्षांच्या वयात, त्याने इतर मुलांच्या साहाय्याने 'वेदेम' नावाचे साप्ताहिक हाताने लिहून चालवले. तो चित्रे काढत होता, कादंबऱ्या लिहीत होता, भाषा शिकत होता. जिज्ञासा, नेतृत्व, उद्योगीपणा, विनोदबुद्धी, मित्रांना धरून ठेवण्याची वृत्ती, जगण्यास साहाय्यभूत म्हणून जे जे सांगितले जाते ते सर्व त्याच्यापाशी भरभरून होते. १९४४ च्या शरद ऋतूत त्याला ऑश्विट्झला पाठवून मारण्यात आले. तो सोळा वर्षांचा होता. मराठी वाचकाला घरच्यासारखी परिचित असलेली अॅन फ्रँक पंधराव्या वर्षी ऑश्विट्झच्या फलाटावरील निवडीतून पार पडली आणि १९४५ च्या आरंभी बेर्गेन-बेल्सेन छावणीत टायफसने दगावली. ब्रिटिश सैन्य तेथे १५ एप्रिलला पोहोचले. काही आठवड्यांचा फरक पडला असता तर तिचे गुणही आज 'वाचण्यास कारणीभूत' म्हणून सांगितले गेले असते. तापाच्या साथीपुढे चिकाटी चालत नाही.

सोबतीविषयी मात्र पुरावा अधिक बळकट आहे. एकटे पडलेले मूल छावणीत फार दिवस टिकत नसे. भाऊ, बहीण, आई, बाप किंवा नुकतीच झालेली मैत्रीण, कोणी तरी पावाचा तुकडा राखून ठेवणारे लागे. आजारी पडलेल्याला हजेरीत उभे धरणारे दोन हात लागत. बुखेनवाल्ड छावणीत ६६ क्रमांकाच्या बराकीचा प्रमुख असलेला चेक कम्युनिस्ट कैदी अंतोनिन कालिना याने सुमारे नऊशे मुलांना मुख्य छावणीपासून दूर ठेवून जपले, आणि एप्रिल १९४५ मध्ये एसएसने ज्यूंना मृत्यूच्या पायपिटीसाठी बाहेर काढण्याचा हुकूम दिला तेव्हा मुलांच्या कपड्यांवरील ज्यू असल्याच्या खुणा बदलून त्यांना जाऊ दिले नाही. वडील गमावलेला सोळा वर्षांचा वीझेल या बराकीत होता. आपल्याला जगण्याची इच्छाच उरली नव्हती, अशा अर्थाचे त्याने त्या महिन्यांविषयी लिहिले आहे. इच्छा संपलेल्या मुलालाही दुसऱ्यांच्या संघटित प्रयत्नांनी वाचवता आले, याचा गुणांविषयी लिहिणाऱ्याने पुरता विचार केला पाहिजे. याच संदर्भात बालमनोविश्लेषक आना फ्रॉइड आणि त्यांच्या सहकारी सोफी डान यांनी १९५१ मध्ये प्रसिद्ध केलेले निरीक्षण मोलाचे आहे. टेरेझीनमधून इंग्लंडला आणलेली तीन-चार वर्षांची सहा अनाथ मुले मोठ्या माणसांशी फटकून वागत, खेळणी मोडत, परंतु एकमेकांपासून क्षणभरही वेगळी होत नसत आणि खाऊ मिळाला की स्वतःच्या आधी दुसऱ्याला मिळाला का हे पाहत. आईवडील कधी नीट माहीतही नसलेल्या या मुलांनी एकमेकांनाच कुटुंब केले होते.

मुक्ततेनंतर जगण्याचे नियम उलटे झाले. ब्रिटिश सरकारने छावण्यांतून वाचलेल्या, सोळा वर्षांखालील एक हजार मुलांना प्रवेश देण्याचे मान्य केले, आणि त्यांतली पहिली तुकडी ऑगस्ट १९४५ मध्ये विंडरमियरच्या परिसरात पोहोचली. एवढी मुले मिळालीच नाहीत, एकूण ७३२ गेली. ज्यांनी वर्षभरापूर्वी वय वाढवून जीव वाचवला होता त्यांतल्या काहींनी आता ते कमी करून सांगितले. वॉर्सापासून ऑश्विट्झपर्यंत ज्या सवयी उपयोगी पडल्या, म्हणजे पाव उशाखाली दडवणे, अधिकाऱ्यावर विश्वास न ठेवणे, रडू येऊ न देणे, त्या आता काळजी घेणाऱ्यांना दोष वाटू लागल्या. डच मनोविकारतज्ज्ञ हान्स कायलसन यांनी नेदरलँड्समधील ज्यू युद्धअनाथांच्या दीर्घ अभ्यासातून १९७९ मध्ये असा निष्कर्ष काढला, की छळाच्या काळात तुलनेने बरे सोसलेल्या पण नंतर वाईट घरात पडलेल्या मुलांपेक्षा, भयंकर सोसून पुढे चांगला आधार मिळालेल्या मुलांची मानसिक वाटचाल अधिक बरी झाली. त्याआधी इस्राएलमधील समाजशास्त्रज्ञ आरोन अँटोनोव्हस्की यांना मध्य युरोपातून आलेल्या स्त्रियांच्या पाहणीत असे आढळले, की छावण्यांतून वाचलेल्यांपैकी सुमारे २९ टक्के स्त्रियांचे मानसिक आरोग्य चांगले होते, तर छावणी न पाहिलेल्यांमध्ये हे प्रमाण ५१ टक्के होते. या दोन आकड्यांतील तफावत हेच हानीचे माप म्हणून पाहण्याऐवजी अँटोनोव्हस्की त्या २९ टक्क्यांपाशी थांबले, आणि जग काही अंशी समजण्याजोगे, हाताळता येण्याजोगे व अर्थपूर्ण आहे या धारणेविषयीचा त्यांचा सिद्धांत तेथून उभा राहिला. ही धारणा माणसाच्या स्वभावात आधीपासून होती की नंतरच्या सुरक्षित वर्षांनी ती पुन्हा घडवली, याविषयी एकमत नाही. कायलसन यांच्या बाजूने झुकणारे मत येथे स्वीकारले आहे.

भारतीय वाचकाच्या दृष्टीने दोन संबंध सांगणे आवश्यक आहे, कारण त्यांच्याविषयी गैरसमज आढळतात. कोल्हापूरजवळ वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित, त्यांत पुष्कळ मुले, राहत होती. ती प्रामुख्याने सोव्हिएत राजवटीने पूर्व पोलंडमधून हद्दपार केलेली कॅथलिक कुटुंबे होती, नाझी छावण्यांतून वाचलेली नव्हेत. दुसरा संबंध वॉर्साचा आहे. तेथील घेटोत अनाथालय चालवणारे डॉक्टर आणि शिक्षणतज्ज्ञ यानुश कोर्चाक यांनी जुलै १९४२ मध्ये मुलांकडून रवींद्रनाथ ठाकुरांचे 'डाकघर' हे आजारी मुलाच्या शेवटच्या दिवसांवरील नाटक बसवून घेतले. तीन आठवड्यांच्या आत, ऑगस्टच्या प्रारंभी, सुमारे दोनशे मुले आणि कोर्चाक यांना ट्रेब्लिंकाच्या संहारछावणीत नेण्यात आले आणि त्यांच्यापैकी कोणी परतले नाही. या मुलांना धीर देणारा माणूस होता, त्यांच्यात एकोपा होता, कला होती. त्यांच्या गुणांविषयी काही लिहायचे तर ते केवळ त्या नाटकाच्या प्रयोगापर्यंतच लिहिता येते.

साधनांविषयी थोडे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ डेव्हिड बोडर यांनी १९४६ च्या उन्हाळ्यात तारेवर ध्वनी मुद्रित करणारे यंत्र घेऊन युरोपातील निर्वासित छावण्यांत शंभराहून अधिक जणांचे, त्यांत अनेक तरुणांचे, बोलणे मुद्रित केले, आणि १९४९ मधील आपल्या पुस्तकाला असे नाव दिले की त्यातून मृतांच्या मुलाखती आपण घेतल्या नाहीत ही कबुलीच पुढे यावी. पोलंडमधील ज्यू ऐतिहासिक आयोगाने युद्ध संपताच मुलांच्या जबान्या गोळा करून १९४७ मध्ये त्यांचा एक खंड काढला. या आरंभीच्या जबान्यांतील मुले धैर्य किंवा आशा यांविषयी क्वचितच बोलतात. कोठे झोपलो, काय खाल्ले, कोण कोणत्या दिवशी गेले, हे ती सांगतात. गुणांची भाषा पुष्कळदा नंतर, प्रौढपणी लिहिलेल्या आठवणींत येते, जेव्हा नातवंडे विचारू लागतात आणि भाषणांना बोलावणी येऊ लागतात. दोन्ही प्रकारच्या साक्षी खऱ्या आहेत, पण त्यांचे वजन सारखे धरता येत नाही. म्हणून पुढील प्रकरणांत शक्य तेथे आधीच्या साक्षीला अग्रक्रम दिला आहे, आणि प्रत्येक मुलाची हकीकत सुरू होण्यापूर्वी त्याचे वय, त्याच्या घरातील भाषा आणि त्या वेळी त्याच्याबरोबर कोण होते, या तीन गोष्टी नोंदवल्या आहेत. त्याच्या स्वभावाची चर्चा त्यानंतर येते.